रडू येणे आणि रडवले जाणे : शाळकरी वयावरच्या भावुक अ‍ॅनिमे मालिका

कोयनाकाठ

(आधीच सांगतो : या धाग्यात अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, प्रकारातल्या ‘क्लॅनाड’, ‘युअर लाय इन एप्रिल’, ‘आनोहाना’, ‘तोरादोरा’ आणि ‘अ सायलेंट व्हॉइस’ यांच्या कथानकांची, शेवटांसकट, उघड चर्चा होईल. ज्यांना या पाहायच्या आहेत त्यांनी रसभंग टाळण्यासाठी आधी पाहून घ्याव्यात.)

गेल्या महिन्यात मी ‘क्लॅनाड’ आणि तिचा उत्तरार्ध ‘आफ्टर स्टोरी’ या मालिका पुन्हा एकदा सलग पाहिल्या. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चौघे एका छोट्या पडद्यासमोर दाटीवाटीने बसलो होतो आणि उत्तरार्धाचा अठरावा भाग संपल्यावर बराच वेळ कोणी कोणाशी बोलले नाही. आज माझी मुलगी पाच वर्षांची आहे, म्हणजे त्या भागातल्या नायकाच्या मुलीएवढी, उशिओएवढी. या वेळीही डोळ्यांत पाणी आले, परंतु ते वेगळ्या प्रसंगांना आले, आणि पूर्वी जिथे हुंदका आला होता तिथे या वेळी रागही आला. तो राग नेमका कशाचा आहे हे समजून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

थोडी पार्श्वभूमी. ‘की’ या जपानी संस्थेने २००४ मध्ये ‘क्लॅनाड’ हा संगणकावर वाचत वाचत खेळायचा कथाखेळ काढला. त्यावरून क्योटो अ‍ॅनिमेशनने केलेली मालिका २००७ च्या ऑक्टोबरात आणि तिचा उत्तरार्ध २००८ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. दोन्हींचे दिग्दर्शन तात्सुया इशिहारा यांचे आहे. अशा खेळांना जपानमध्ये ‘नाकिगे’ म्हणतात, म्हणजे रडवणारा खेळ. आधी हसतखेळत दिवस काढायचे, पात्रांचा लळा लावायचा आणि मग एकेकाचे दुःख उघडे करायचे, हा त्यांचा ठरलेला क्रम. रडवण्याचा हेतू इथे लपवलेला नाही, तो प्रकाराच्या नावातच आहे, आणि त्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटतो.

‘क्लॅनाड’चा नायक तोमोया. त्याची आई तो लहान असतानाच अपघातात गेली. पुढे वडिलांशी झालेल्या झटापटीत त्याच्या उजव्या खांद्याला कायमची इजा झाली, त्यामुळे बास्केटबॉल सुटला आणि घरात अबोला आला. शाळेकडे जाणाऱ्या, चेरीच्या झाडांनी भरलेल्या चढाच्या पायथ्याशी त्याला नागिसा भेटते. आजारपणामुळे तिचे वर्ष गेले आहे, बरोबरीच्या मुली शाळा सोडून गेल्या आहेत, आणि चढ चढण्याचे बळ यावे म्हणून ती स्वतःशीच आवडत्या खाऊचे नाव घेते : ‘आनपान’, म्हणजे गोड पुरण भरलेला पाव. संपूर्ण मालिकेतला मला सर्वांत आवडणारा क्षण हाच आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तो माझ्या लक्षातही राहिला नव्हता.

या वेळी सर्वांत खोलवर पोहोचले ते तोमोयाच्या पहिल्या नोकरीचे भाग. शाळा संपल्यावर तो विजेच्या कामावर, रस्त्यावरचे दिवे बसवणाऱ्या माणसाच्या हाताखाली लागतो. संध्याकाळी अंग इतके आंबलेले असते की जेवताना त्याला झोप येते. बहुतेक शाळकरी मालिका पदवीदान समारंभाला थांबतात आणि पुढचे आयुष्य जणू नसतेच. ‘आफ्टर स्टोरी’ मात्र विचारते की चढ चढून झाल्यावर काय? भाडे, पगार, वडिलांच्या अटकेमुळे हुकलेली चांगली नोकरी, सासऱ्यांसमोर मान खाली घालून केलेली मागणी, हे सगळे तिच्यात आहे.

आणि मग नागिसा बाळंतपणात जाते. तोमोया पाच वर्षे मुलीकडे पाहत नाही. फुलांनी भरलेल्या माळावर हरवलेले खेळणे शोधणारी उशिओ त्याला सांगते की ते बाबांनी स्वतः निवडून घेऊन दिलेले आहे, म्हणून दुसरे चालणार नाही. आजीने तिला शिकवलेले असते की रडायचे ते स्वच्छतागृहात किंवा बाबांच्या कुशीत. इथे मला रडू आले आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. थोड्याच भागांनी उशिओही आईच्याच आजाराने, तसल्याच बर्फात जाते, आणि नंतर गावात साठलेल्या प्रकाशकणांच्या बळावर काळ मागे फिरतो व सर्व जण वाचतात. नागिसाच्या मृत्यूत मला रडू आले होते, उशिओच्या मृत्यूत मला रडवले गेले. या दोहोंतला फरक मला जाणवतो, परंतु नीट मांडता येत नाही. तुम्हां सर्वांचे मत वाचायला आवडेल.

अर्धविराम

तुमचा प्रश्न आपल्याकडच्या जुन्या परिभाषेत मांडून पाहतो, कारण ती इथे खरोखर उपयोगी पडते. रसनिष्पत्तीसाठी विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव (येऊन-जाऊन असणारे पूरक भाव) यांचा संयोग लागतो असे नाट्यशास्त्रकार भरताने सांगितले. पात्राच्या डोळ्यांतले पाणी हा अनुभाव झाला. ज्या कारणाने, ज्या परिस्थितीत ते येते तो विभाव. या प्रकारातल्या दुबळ्या मालिकांत अनुभावाची चंगळ असते आणि विभाव काटकसरीचा असतो. पियानोचे सूर चढतात, डोळे काठोकाठ भरतात, बर्फ पडू लागतो, आणि या सगळ्याला पुरेल एवढे कारण मात्र लेखकाने आदल्याच भागात घाईघाईने आणून ठेवलेले असते. नागिसाच्या मृत्यूमागे पस्तीसहून अधिक भागांचा सहवास उभा आहे. उशिओच्या मृत्यूमागे जेमतेम दोन-तीन भाग आणि तिच्या आईच्या मृत्यूची आठवण आहे. म्हणजे दुसऱ्या वेळी लेखकाने पहिल्याच दुःखाचे व्याज वसूल केले आहे.

दुसरे असे की जपानी वाङ्मयविचारात यासाठी स्वतंत्र कल्पना आहे. अठराव्या शतकातल्या मोतोओरी नोरिनागा या विद्वानाने ‘गेंजी’ या प्राचीन जपानी कादंबरीचा अभ्यास करताना ‘मोनो नो आवारे’ या भावनेला साहित्याच्या केंद्रस्थानी मानले. वस्तुमात्राचे क्षणिकपण मनाला भिडून येणारी जी हळहळ, ती ही भावना. आपल्या करुण रसाला इष्ट व्यक्तीचा नाश किंवा वियोग लागतो, तर इथे चेरीचा बहर आठवडाभरात गळतो एवढे कारणही पुरते. जपानचे उच्च माध्यमिक शिक्षण तीन वर्षांचे, वयाच्या पंधरा ते अठरा वर्षांचे, म्हणजे आपल्या दहावी ते बारावीएवढे. ते मार्चमध्ये संपते आणि एप्रिलमध्ये, चेरी फुललेली असताना, नवी मुले त्याच बाकांवर येऊन बसतात. हा कालखंड मुळातच हळहळ लावणारा आहे. अशा विषयात कोणाला तरी असाध्य आजार देणे म्हणजे आधीच गोड असलेल्या खिरीत पुन्हा साखर घालणे आहे, असे माझे ठाम मत आहे.

सुरपेटी

मी गेली बावीस वर्षे मुलांना पेटी आणि पियानो शिकवते. या प्रकाराशी माझी ओळख एका विद्यार्थिनीने ‘युअर लाय इन एप्रिल’मुळे करून दिली. नाओशी आराकावा यांच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) ए-वन पिक्चर्सने केलेली बावीस भागांची ही मालिका २०१४ च्या ऑक्टोबरपासून २०१५ च्या मार्चपर्यंत जपानमध्ये दाखवली गेली. कोसेई हा लहानपणापासून स्पर्धा जिंकणारा पियानोवादक आहे. आजारी आईने मारून मुटकून त्याला नोटेशनचा दास बनवले. ती गेल्यावर वाजवताना त्याला स्वतःचेच सूर ऐकू येईनासे होतात.

अनेकांना हे अतिरंजित वाटते. मला वाटत नाही. परीक्षेच्या खोलीत हात थांबलेली मुले मी पाहिली आहेत. एका मुलीने मला सांगितले होते की पट्ट्या दिसतात, बोटेही चालतात, परंतु आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा येतो. त्या मुलीच्या घरी काय चालले होते हे आम्हांला फार उशिरा कळले. म्हणून कोसेईच्या आईचे भाग पाहताना मला मालिकेचे धैर्य जाणवले. आईवर प्रेम करणारा आणि तिला घाबरणारा मुलगा एकच असतो, हे ती न संकोचता दाखवते.

तिचा सर्वोत्तम प्रसंग माझ्या दृष्टीने सेंट-सान्सच्या ‘इंट्रोडक्शन अँड रोंडो काप्रिचिओसो’चा. काओरी व्हायोलिन वाजवते आणि कोसेई तिच्या संगतीला पियानोवर आहे. मध्येच त्याला सूर ऐकू येईनासे होतात आणि तो थांबतो. थोड्या वेळाने तीही थांबते. स्पर्धेत थांबणे म्हणजे बक्षिसावर पाणी सोडणे. ती वळून त्याच्याकडे पाहते आणि दोघे पुन्हा सुरुवात करतात. आपल्याकडे संगतकाराने गायकाला सांभाळून घ्यायचे असते. इथे मुख्य कलावंतच संगतकारासाठी थांबते. या प्रसंगात कोणी मरत नाही, कोणी फारसे रडतही नाही, आणि तरीही तो आठवला की मला भरून येते.

दोष मात्र मोठा आहे आणि तो काओरीच्या वाट्याला आला आहे. तिच्या आजाराला मालिकेत नाव नाही. तिचे पाय लुळे पडतात, ती रुग्णालयात जाते, तिची भीती अधूनमधून एखाद्या दृश्यातून डोकावते, परंतु तिच्या मनात काय चालले होते हे आपल्याला सलगपणे कळते ते तिच्या मृत्यूनंतर, तिच्या पत्रातून. ज्या मुलीने एका मुलाला लहानपणी एकदा ऐकले आणि त्याच्याबरोबर वाजवता यावे म्हणून व्हायोलिन हाती धरले, ती स्वतः वादक म्हणून काय शोधत होती? रियाझाच्या वेळी एकटी असताना ती कशी वाजवत असेल? ते आपण पाहत नाही. शेवटी कोसेई शोपँचा पहिला बॅलड वाजवतो आणि त्याच वेळी तिच्यावर शस्त्रक्रिया चालू असते. संगीत अप्रतिम आहे, चित्रण त्याहून सुंदर आहे, आणि एका मुलीचे मरण दुसऱ्याच्या वादनाला लागणारे सरपण झाले आहे. शिक्षिका म्हणून मला त्या मुलीचा रियाझ पाहायचा होता.

शिशिर_पान

एक छोटी दुरुस्ती : कोसेई आणि काओरी कथेच्या सुरुवातीला चौदा वर्षांचे आणि कनिष्ठ माध्यमिकच्या शेवटच्या वर्षाला आहेत. त्यामुळे काटेकोरपणे ही हायस्कूलची मालिका नव्हे. सुरपेटी यांच्या मुद्द्याला यामुळे बाध येत नाही, उलट तो अधिक तीव्र होतो.

नागोयावासी

मी नऊ वर्षे जपानमधल्या नागोयात राहतो आणि माझा मुलगा आता इथल्या उच्च माध्यमिक शाळेत आहे. मालिकांतली शाळा आणि प्रत्यक्षातली शाळा यांबद्दल थोडे लिहितो, कारण आकर्षणाचे एक मूळ तिथे आहे.

पडद्यावर जिथे नायक एकटा जेवतो किंवा प्रेमाची कबुली देतो ती गच्ची बहुतेक शाळांत कुलूपबंद असते. इथल्या मुलांना पंधराव्या वर्षी उच्च माध्यमिकसाठी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात पुढच्या परीक्षेसाठी बहुतेक जण आपला क्लब सोडतात. मालिकांत हा अभ्यास जवळजवळ अदृश्य असतो. परंतु सगळेच खोटे नाही. बूट बदलण्याचे कप्पे, मुलांनी स्वतः वर्ग झाडणे, सांस्कृतिक महोत्सवासाठी रात्री उशिरापर्यंत पुठ्ठे रंगवणे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पदवीदानाच्या दिवशी प्रत्येकाचे नाव पुकारले जाते आणि तो उभा राहून ‘हाय’ म्हणजे ‘हो’ म्हणतो. मुलाच्या कनिष्ठ माध्यमिकच्या समारंभाला मी बसलो होतो. जेमतेम एका अक्षराचे उत्तर, प्रत्येकाच्या आवाजात निराळे. मागे बसलेल्या आया रुमाल काढत होत्या. अर्धविराम म्हणतात ते खरे आहे, त्या सभागृहात कोणालाही असाध्य आजार नव्हता.

जुन्या उभ्या कॉलरच्या गणवेशाचे दुसरे बटण हृदयाच्या जवळ असते, म्हणून ते आवडत्या मुलीला द्यायचे अशी रीत मालिकांत दिसते. आता बऱ्याच शाळांत ब्लेझर आले आहेत आणि त्यामुळे ती रीत मागे पडली आहे. तरी मुले ती ओळखतात, आणि ती त्यांना मालिकांतूनच कळलेली असते. वास्तवातून पडद्यावर गेलेली गोष्ट पडद्यावरून परत वास्तवात येते, हे मला विलक्षण वाटते.

नागोयापासून रेल्वेने अर्ध्या तासावर ओगाकी हे गिफू प्रांतातले शहर आहे. तिथे जमिनीतून वर येणारे झरे आणि कालवे जागोजाग आहेत. ‘अ सायलेंट व्हॉइस’ हा क्योटो अ‍ॅनिमेशनचा २०१६ चा चित्रपट तिथे घडतो. मूळ मांगा योशितोकी ओइमा यांचा, दिग्दर्शन नाओको यामादा यांचे. ज्या लहान पुलावर शोया आणि त्याने शाळेत छळलेली शोको पुढे माशांना पाव घालतात तो पूल तिथे आहे. मी गेलो तेव्हा पुलावर एक आजोबा उभे होते आणि खाली पाण्यात खरोखरच मासे होते. चित्रपटातली एकच गोष्ट सांगतो. बहिरी शोको एकदा खुणांऐवजी स्वतःच्या आवाजात शोयाला ‘सुकि’ म्हणते, म्हणजे ‘तू आवडतोस’. त्याला ते ‘त्सुकि’, म्हणजे ‘चंद्र’ असे ऐकू येते, आणि तो आकाशाकडे पाहून चंद्र सुंदर आहे असे सांगतो. माझा मुलगा पहिल्या वर्षी जपानी शिकताना असल्याच उच्चारांत अडखळत असे. या प्रसंगाला संगीताच्या आधाराची गरज नाही.

क्योटो अ‍ॅनिमेशनबद्दल लिहिताना १८ जुलै २०१९ ची आठवण टाळता येत नाही. त्या दिवशी त्यांच्या स्टुडिओला लावलेल्या आगीत ३६ जण गेले. कपाळावरून केस मागे सारणारा हात, बुटांचे बंद बांधताना वाकलेली पाठ, एवढ्या लहान हालचाली मनापासून रेखाटणारी ही माणसे होती. तेव्हापासून मी त्यांच्या कलाकृतींतले बारकावे पूर्वीपेक्षा सावकाश पाहतो.

मातीचा_दिवा

नागोयावासी यांनी सांगितलेला चंद्राचा प्रसंग मलाही प्रिय आहे. परंतु मी माध्यमिक शाळेत शिकवते, आणि ‘अ सायलेंट व्हॉइस’बद्दल माझ्या मनात दोन परस्परविरोधी भावना आहेत.

त्या चित्रपटाने छळाचे स्वरूप फार अचूक टिपले आहे. सहावीच्या वर्गात शोकोची श्रवणयंत्रे मोडली जातात. शिक्षकाला सगळे ठाऊक असते आणि प्रकरण वर येताच तो एका मुलाकडे बोट दाखवून मोकळा होतो. ज्यांनी साथ दिली तेच वर्गमित्र क्षणात बाजू बदलतात आणि छळणारा शोया स्वतः वाळीत पडतो. शोयाची आई भरपाई देऊन परत येते तेव्हा तिच्या कानाला जखम झालेली असते आणि त्याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. पुढे शोयाला लोकांच्या चेहऱ्यांवर फुल्या दिसतात. ही कल्पना मी वर्गात मुलांना सांगितली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा लगेच म्हणाला की त्यालाही तसेच होते.

दुसरी भावना अशी : शोको सतत क्षमा मागते. छळ झाला तिचा आणि क्षमा मागते तीच. तिला राग का येत नाही? ती जीव द्यायला जाते तेही इतरांना आपला त्रास होतो या समजुतीने, आणि तिला वाचवताना शोया पडतो व त्याच्या प्रायश्चित्ताला पूर्णत्व येते. माझ्या वर्गात काही वर्षांपूर्वी कमी ऐकू येणारी एक मुलगी होती. ती पहिल्या बाकावर बसत असे आणि कोणी यंत्राला हात लावला तर सरळ हात झटकून देत असे. तिचा राग हा तिचा कणा होता. शोकोला तो राग थोडा अधिक मिळायला हवा होता. उएनोसारखी न सुधारणारी, शोकोला तोंडावर नावडती म्हणणारी मुलगी लेखिकेने ठेवली आहे, आणि मला वाटते संपूर्ण कथेत शोकोशी बरोबरीच्या नात्याने वागणारी तीच एक आहे. हे लिहिताना मलाही अवघड वाटते.

याउलट ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’ पाहा. चिका उमिनो यांचा मांगा, शाफ्ट या स्टुडिओची मालिका, २०१६ ते २०१८. सतरा वर्षांचा व्यावसायिक शोगी (जपानी बुद्धिबळ) खेळाडू रेई आणि नदीकाठी राहणाऱ्या तीन बहिणी. मधली हिना वर्गात एकट्या पाडलेल्या मैत्रिणीची बाजू घेते आणि मग स्वतः लक्ष्य होते. ती घरी येऊन धाय मोकलून रडते, आणि रडता रडताच म्हणते की आपण केले त्यात काहीही चूक नव्हते. रेईला तिच्यात आपल्या बालपणाची सुटका दिसते. इथे अश्रू भरपूर आहेत, तरी विभाव कुठेही उसना नाही. वर्गशिक्षिका कोलमडते, विभागप्रमुख प्रकरण हाती घेऊन दिवसेंदिवस मुलांशी बोलत राहतात, गेलेली मैत्रीण सहजासहजी परत येत नाही, आणि छळणारी मुलगी एका भाषणाने सुधारत नाही. शाळेत हे असेच चालते. या मालिकेत मोठी माणसे उपस्थित आहेत, आणि माझ्या मते बाकीच्या मालिकांची खरी उणीव मोठ्यांच्या गैरहजेरीत आहे. ‘ऑरेंज’ या मालिकेत सोळा वर्षांच्या पाच मित्रांवर सहाव्याचा जीव वाचवण्याची सगळी जबाबदारी येऊन पडते. भविष्यातून पत्रे येतात, परंतु एकही मूल धावत जाऊन एखाद्या शिक्षकाला सांगत नाही. ते मला पाहवत नाही.

शब्दवेल

मी दहावीनंतर लातूरला शिकायला गेले. ज्या वयावर या सगळ्या मालिका आहेत ते माझे वय एका खोलीत गेले, जिच्यात चार पलंग होते आणि भिंतीवर आवर्त सारणी होती. पहाटे साडेपाचला वर्ग, दुपारी पुन्हा वर्ग, रात्री सराव परीक्षा. क्लब नव्हते, महोत्सव नव्हता, मुलांशी बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता. कानात इयरफोन घालून, पांघरुणाखाली, मैत्रिणीच्या फोनवर मी ‘तोरादोरा’ पाहिली. तेव्हापासून माझ्या मनात एका अशा शाळेची ओढ आहे जिच्यात मी कधी पाऊल ठेवले नाही.

या ओढीचे काय करायचे हे मला अनेक वर्षे कळत नव्हते. आपल्या वाट्याचे काहीतरी हिरावले गेले असे वाटत राही, आणि बारावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा, गुण चांगले असूनही, मला रिकामे वाटले. या मालिकांचा हा खरा तोटा आहे आणि तो मी भोगला आहे : त्या स्वतःच्या आयुष्याला फिके पाडतात. एप्रिल म्हणजे चेरी हे मनावर इतके ठसते की आपला एप्रिल, उन्हाने भाजलेला, परीक्षा संपल्यावरच्या शांततेचा, आपल्याला दिसेनासा होतो. नागोयावासी यांनी वर लिहिलेले वाचून आज पहिल्यांदा कळले की तिथल्या मुलांनाही ती गच्ची मिळत नाही. ते वाचून मला फार बरे वाटले.

परंतु लाभही सांगायला हवा. ‘तोरादोरा’मध्ये नाताळच्या रात्री नायक रियूजी अस्वलाचा वेश घालून नायिका तायगाच्या घरी येतो, तिला आनंद देतो, आणि ती त्याला दुसऱ्या मुलीकडे जायला सांगते. तो गेल्यावर तिच्या लक्षात येते की आपण काय गमावत आहोत, आणि ती धावत रस्त्यावर येऊन त्याचे नाव घेत रडते. कोणाला आजार नाही. एका रागीट, बुटक्या, घरच्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या मुलीला स्वतःचे मन उशिरा कळले, एवढेच. ज्या वसतिगृहात रडणे म्हणजे अभ्यासाचा वेळ वाया घालवणे होते, तिथे मला त्या मुलीबरोबर रडण्याची सवड मिळाली. माझी मैत्रीणही रडत होती, हे मला पलंग हलत होता त्यावरून कळले. आम्ही त्याविषयी कधी बोललो नाही, परंतु दुसऱ्या दिवसापासून ती माझ्यासाठी डब्यातली अर्धी चटणी बाजूला ठेवू लागली.

अर्धविराम

शब्दवेल, तुमच्या प्रतिसादानंतर साखरेबद्दलचे माझे विधान थोडे सैल करतो. मी करुण रस केवळ रचनेच्या बाजूने मोजत होतो; पाहणाऱ्याला रडण्याची किती गरज होती, हे मी मोजले नव्हते.

‘आनोहाना’बद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. २०११ ची, अकरा भागांची मालिका, लेखन मारी ओकादा यांचे, दिग्दर्शन तात्सुयुकी नागाई यांचे. हीच जोडी ‘तोरादोरा’चीही. घडते सैतामा प्रांतातल्या चिचिबू या डोंगराळ गावात, जे ओकादा यांचे स्वतःचे गाव. शाळेत जाता न येण्याच्या आपल्या अनुभवावर त्यांनी २०१७ मध्ये आत्मकथन लिहिले आहे, त्यामुळे घरात कोंडून घेतलेला जिंता हा कोणी कल्पनेने घडवलेला विक्षिप्त मुलगा वाटत नाही. लहानपणी अपघातात गेलेली मेन्मा त्याला दिसू लागते आणि आपली इच्छा पूर्ण करायला सांगते. ती इच्छा कोणती हे कोणालाच आठवत नाही. शेवटी कळते की जिंताच्या मरणासन्न आईला तिने वचन दिले होते : आईच्या आजारपणात डोळ्यांतले पाणी दाबून धरणाऱ्या या मुलाला मी रडवीन.

म्हणजे कथेचे उद्दिष्टच एका मुलाला रडवणे हे आहे. कोयनाकाठ यांनी केलेला भेद या ठिकाणी मोडतो. इथे रडवणे ही आईने मागितलेली आणि मैत्रिणीने पाळलेली माया आहे. दुर्दैवाने अखेरच्या भागात त्या मित्रमंडळातले सहाही जण एकाच वेळी, इतक्या मोठ्याने, इतका वेळ रडतात की ही सुंदर कल्पना त्या आक्रोशात बुडते. जिंता एकटा रडला असता तर मेन्माचे वचन पूर्ण झाले असते.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. अर्धविराम, ‘आनोहाना’चा हा अर्थ मला सुचला नव्हता. माझा भेद मोडला हे मान्य, आणि मोडल्याचे दुःख नाही.

तुम्हां सर्वांचे वाचून काल रात्री ‘आफ्टर स्टोरी’चा फक्त एकोणिसावा भाग पुन्हा लावला. तो फुलांच्या माळानंतरचा आहे. माळावर तोमोयाला आपल्या आजीकडून कळलेले असते की बायको गेल्यावर वडिलांनी त्याला एकट्याने वाढवले, नोकऱ्या आणि मित्र गमावले, आणि स्वतःकडे पाहायला त्यांना वेळच उरला नाही. एकोणिसाव्या भागात तो उशिओला घेऊन त्या जुन्या, अस्ताव्यस्त घरी जातो. वडील थकलेले, केस पांढरे झालेले. तोमोया त्यांना सांगतो की आता पुरे झाले, गावी आपल्या आईकडे जा आणि विसावा घ्या. त्यावर वडील जणू स्वतःलाच विचारतात की आपल्या हातून करायचे ते सगळे झाले का.

सुरपेटी आणि मातीचा_दिवा, तुम्ही दोघींनी जे मागितले ते या भागात आहे. मोठी माणसे हजर आहेत. दुःखाला नाव आहे. कोणी मरत नाही. संगीत आहे, पण ते संवादाच्या मागे राहते. माझी मुलगी पाणी प्यायला उठली आणि येऊन मांडीवर बसली. हे आजोबा कुठे चालले, असे तिने विचारले. मी सांगितले की त्यांच्या आईकडे. एवढ्या म्हाताऱ्या आजोबांना आई असते याचेच तिला आश्चर्य वाटले, आणि ते वाटेने दिसेनासे होईपर्यंत ती पडद्याकडे पाहून हात हलवत राहिली.